गाडी तापली की बंद, निवली की चालू

या महिन्यात सेन्सरविषयीची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकावे लागले. इंदूरच्या देवास नाक्यावर मी तेहतीस वर्षं ट्रकचं वायरिंग केलं. सुरुवातीला इंजिनावर मोजून दोन-तीन तारा यायच्या: पाण्याच्या काट्याची, ऑइलच्या दिव्याची, एखादी आणखी. पुढे मनगटाएवढा हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, इंजिनाला वेढून बसला. या बदलात सगळ्यात जास्त पोळला तो जुनी गाडी हप्त्यावर घेऊन स्वतः चालवणारा माणूस. तीन-तीन सेन्सर बदलूनही गाडी रस्त्यातच उभी, अशी पत्रं वाचताना जीव तुटतो. म्हणून आजचं पहिलं उत्तर लांब आहे.

प्रश्न : काका, नमस्कार. माझी दहाचाकी २०१२ सालची, बीएस-३, कॉमन रेल इंजिन. इंदूरहून सोयाची पेंड घेऊन भिवंडीला जातो, परतीत मिळेल तो माल आणतो. दोन महिने झाले, परतताना बिजासन घाटात नाहीतर भेरू घाटात गाडी चालता चालता बंद पडते. झटका नाही, धूर नाही, किल्ली काढल्यासारखी शांत होते. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण चालू होत नाही. अर्धा-पाऊण तास बसून राहिलं की पहिल्या सेल्फला चालू. डिझेल फिल्टर, फीडर पंप आणि कॅमचा सेन्सर बदलून झाला. स्कॅनर लावला, त्यात काही निघत नाही. आता एक मिस्त्री म्हणतात ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला. काय करू?
– एक मालक-चालक, राऊ

उत्तर : दादा, ईसीएमला हात लावू देऊ नका. निदान मी खाली सांगतो ती मापं घेऊन होईपर्यंत तरी नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य फार मोलाचं आहे: झटका नाही, धूर नाही, किल्ली काढल्यासारखी शांत. डिझेल कमी पडून बंद होणारी गाडी अशी जात नाही. ती आधी पिकअप सोडते, अडखळते, रेस वर-खाली होते, मग बंद पडते. एका क्षणात जी शांत होते तिचा विजेचा कुठला तरी धागा तुटलेला असतो. तोच धागा पाऊण तासात आपोआप जुळत असेल, तर माझा पहिला संशय क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं फिरणं मोजणाऱ्या, सेन्सरवर. कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, बदललात, त्याचा सख्खा भाऊ तसाच राहिला.

हा सेन्सर बहुतेक फ्लायव्हीलच्या (इंजिनामागच्या जड चाकाच्या) घराजवळ असतो, काही इंजिनांत पुढे पुलीकडे. त्याच्यासमोर दात असलेलं चाक फिरतं. पुष्कळ इंजिनांत या चाकावर ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात. म्हणजे दर ६ अंशांना एक दात आणि एका ठिकाणी मोकळी फट. ती फट समोरून गेली की ईसीएमला पिस्टन कुठे आहे ते कळतं आणि त्यावरून कोणत्या नोझलला डिझेल कधी सोडायचं ते ठरतं. हा निरोप थांबला की पुष्कळ इंजिनांत ईसीएम नोझल उघडत नाही. टाकी भरलेली असो, पंप नवा असो, इंजिन नुसतं फिरत राहणार.

दोन तारांच्या सेन्सरमध्ये एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. वर्षानुवर्षं थरथर आणि उष्णता सोसून ती तार एखाद्या ठिकाणी तुटते, पण टोकं एकमेकांना टेकून राहतात. घाटात मागे माल, गिअर दुसरा, समोरून वारा नाही. सेन्सर तापला की टोकं सुटतात, निवला की पुन्हा टेकतात. तुमचा पाऊण तास हा त्या निवण्याचा वेळ आहे. स्कॅनरमध्ये कोड का नाही, याचंही उत्तर यातच आहे: सिग्नल पूर्ण गेला की ईसीएमच्या दृष्टीने इंजिन थांबलेलं असतं, आणि थांबलेलं इंजिन हा काही दोष नव्हे. त्यामुळे पुष्कळदा तो काही लिहून ठेवत नाही.

आता तपासणी. ती गाडी बंद पडलेली असतानाच करायची. गॅरेजमध्ये गार गाडीवर केलेल्या तपासणीत सगळं ठीकच दिसणार, आणि तुमच्या बाबतीत आजवर तेच झालेलं आहे. गाडी बाजूला घ्या, हॅण्डब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा, त्रिकोण ठेवा. क्लीनरला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही आरपीएमच्या काट्याकडे बघा. ज्या गाड्यांत हा काटा क्रँकच्या सेन्सरवर चालतो, त्यांत सेल्फ फिरताना काटा थोडा तरी उचलतो. मेल्यासारखा शून्यावर पडून असेल तर संशय बळावला. मग फडकं गार पाण्यात भिजवून, पिळून, फक्त सेन्सरवर दोन-तीन वेळा ठेवा. तापलेल्या ब्लॉकवर पाणी ओतू नका, ओतीव लोखंडाला तडा जाईल. पाऊण तासाऐवजी दहा मिनिटांत गाडी चालू झाली तर जवळजवळ ठरलंच.

तरीही मीटरने खात्री करा. साधा डिजिटल मल्टिमीटर केबिनमध्ये ठेवा, पान्याइतकाच तो गरजेचा आहे. घरी, गार इंजिनावर कपलर (तारांचा जोड) काढून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. या जातीच्या सेन्सरमध्ये पाचशे ते पंधराशेच्या आसपास आकडा येतो. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळेल. तो कागदावर लिहून ठेवा. बंद पडलेल्या गाडीवर तेच माप पुन्हा घ्या. गरम झाल्यावर आकडा वाढणारच, तांब्याचा तो गुण आहे: गार असताना ८६० असेल तर ६० अंश जास्त तापल्यावर १०६०च्या आसपास दिसेल आणि तो सेन्सर निर्दोष आहे. पण मीटरने ‘ओएल’ दाखवलं, म्हणजे मार्ग तुटला, तर चोर सापडला. शिवाय एक पिन आणि सेन्सरचं लोखंडी अंग यांत मोजा. तिथे मात्र ‘ओएल’च यायला हवं. तुमच्या सेन्सरला तीन तारा असतील तर तो बहुधा हॉल जातीचा, म्हणजे गुंडाळीऐवजी आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला, आहे. त्याच्या पिनांवर ओहम मोजून काही कळत नाही, तिथे पुरवठा, अर्थ (अर्थिंग) आणि सिग्नलचे व्होल्ट बघावे लागतात.

सेन्सर चांगला निघाला तर पाळी वायरिंगची. कपलरपासून ईसीएमपर्यंतच्या दोन्ही तारा मीटरच्या बझरवर लावा आणि दुसऱ्या हाताने हार्नेस हलवत न्या, विशेषतः जिथे तो ब्रॅकेटला घासतो आणि जिथे सायलेन्सरच्या पाइपाजवळून जातो. बझरचा आवाज मधेच तुटला तर तिथेच टेप सोडून बघा. कपलरच्या आत हिरवट बुरशी दिसली तर पीन गेली. सोयाची पेंड वाहता म्हणून आणखी एक सांगतो: पेंडीच्या वासाने उंदीर येतात आणि गाडी दोन दिवस उभी राहिली की हार्नेस कुरतडतात. लोहा मंडीत उभ्या असलेल्या गाड्यांत हे मी कितीतरी वेळा पाहिलं.

बदलताना बॅटरीची निगेटिव्ह काढा. सेन्सर एकाच बोल्टवर असतो, पण दहा-बारा वर्षं जागेवर राहिलेला सेन्सर जाम बसतो. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. त्याचं तोंड तुटून फ्लायव्हीलच्या घरात पडलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गंज सोडवणारं तेल मारा, तासभर थांबा, मग डावी-उजवीकडे वळवत ओढा. बाहेर आला की तोंड बघा. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटला असेल तर नुसता पुसून बसवल्यानेही काही गाड्या सुधारतात. नव्याची ओ-रिंग इंजिन ऑइलने ओली करा, हाताने दाबून पूर्ण टेकवा, मगच बोल्ट कसा. बोल्टने ओढून बसवायचा नाही. सहा मिलिमीटरच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे लहान पान्याने मनगटाच्या जोराएवढं. दात आणि सेन्सर यांतलं अंतर साधारण १ मिलिमीटर असतं. खाली गंजाचा पापुद्रा राहिला तर ते वाढतं आणि नवा सेन्सरही रुसतो.

कपलर नवा जोडावा लागला तर दोन तारांची अदलाबदल होऊ देऊ नका. मीटर दोन्हीकडून सारखेच ओहम दाखवेल, पण सिग्नल उलटा होईल आणि गाडी सेल्फला त्रास देईल. दुकानात रंग-आकार बघून घेऊ नका, जुन्यावरचा पार्ट नंबर दाखवून घ्या. नकली सेन्सरचा चुंबक कमजोर असतो. पळत्या इंजिनावर तो काम करतो, पण सेल्फवर इंजिन सावकाश फिरत असताना त्याचा सिग्नल उठत नाही आणि सकाळच्या गारठ्यात गाडी चालू होत नाही.

आता या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. परतीत घाट चढताना गाडी बंद पडते हे नशीब समजा. जाताना तुम्ही तोच बिजासन भरल्या गाडीने पळासनेरकडे उतरता. काम होईपर्यंत माल घेऊन उतरू नका, ही विनंती आहे. आणि कधी उतारावर इंजिन बंद पडलंच, तर घाबरून क्लच दाबू नका, न्यूट्रल करू नका. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिन फिरवत राहतात, त्यामुळे हवेचा कंप्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप फिरत राहतो. गिअर काढला की दोन्ही थांबले. मग टाकीत उरलेल्या हवेवर जेवढे ब्रेक लागतील तेवढेच. ब्रेक सारखा दाबून-सोडून हवा संपवू नका, एकदाच दाबून गाडी कडेला घ्या.

प्रश्न : काका, यजमान आजारी असल्यामुळे आमचा ट्रक वर्षभर मी आणि माझे दीर बघतो. गाडी अचानक पिकअप घेईनाशी झाली, रेस वर चढत नाही. गॅरेजवाल्यांनी स्कॅनर लावला तर तीन कोड निघाले: अ‍ॅक्सिलरेटर पॅडल, बूस्ट प्रेशर आणि रेल प्रेशर. तिन्ही सेन्सर बदलावे लागतील म्हणून आगाऊ रक्कम मागताहेत. द्यावी का?
– एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : ताई, आज देऊ नका. तीन चांगले सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. (बूस्ट म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, रेल म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणारी सामाईक नळी.) तीन कोड एकदम आले की त्या तिघांत सामाईक काय आहे ते शोधायचं असतं.

ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची, पण या सेन्सरना ईसीएम ५ व्होल्ट पुरवतो. एकेका ५ व्होल्टच्या लाइनवर दोन-तीन सेन्सर जोडलेले असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला, किंवा एखादी तार घासून बॉडीला टेकली, की पूर्ण लाइन बसते आणि तिच्यावरचे निर्दोष सेन्सरही चुकीचे आकडे सांगू लागतात. स्कॅनर फक्त एवढं म्हणतो की या जागेवरून येणारा आकडा पटत नाही. सेन्सर बदला असं तो म्हणत नाही, ते आपण म्हणतो.

दिरांना सांगा: किल्ली ऑन, इंजिन बंद. बूस्ट सेन्सरचं कपलर काढून हार्नेसच्या बाजूला पुरवठ्याची तार आणि अर्थ यांत व्होल्ट मोजायचे. पाच आले तर पुरवठा ठीक आणि शॉर्ट बहुधा त्याच सेन्सरमध्ये होता. एक-दीडच आले तर मीटर तिथेच लावून ठेवायचा आणि त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून सोडायचे. ज्याचं कपलर सोडताक्षणी मीटर उसळी मारून पाचवर जातो, तो बदलायचा. सगळे सोडूनही व्होल्ट येत नसतील तर तार घासलेली आहे किंवा ईसीएमकडे बघावं लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे, खर्च शून्य.

हे मी स्वतः चुकून शिकलो. २०१४च्या पावसाळ्यात खंडव्याकडचा एक गाडीवाला अशाच कोडांसकट माझ्याकडे आला होता. मी पॅडलचा सेन्सर बदलला, मग रेलचा. गाडी तशीच. तिसऱ्या दिवशी बूस्टच्या सेन्सरचं कपलर सोडलं आणि पाच व्होल्ट परत आले. आत टर्बोचं ऑइल शिरलं होतं. दोन सेन्सरचे पैसे आणि तीन दिवसांचं भाडं त्या माणसाचं माझ्यामुळे गेलं. सेन्सरचे पैसे मी परत केले, भाड्याचं काही करता आलं नाही. त्यानंतर मीटर लावल्याशिवाय मी एकही सेन्सर विकला नाही.

रेल प्रेशरचा सेन्सर खरंच बदलायची वेळ आली तर तो रस्त्यावर कुणाला उघडू देऊ नका. चालू इंजिनात त्या नळीत १६०० बारच्या घरात दाब असतो, डिझेलची बारीक धार हातमोजा भेदून कातडीत शिरते. इंजिन बंद करून मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबायचं, मगच पाना लावायचा. आणि कोड ‘रेल प्रेशर कमी’ असा असेल तर आधी फिल्टर, पाणी आलेलं डिझेल, लाइनमध्ये शिरणारी हवा आणि नोझलचं परतीचं डिझेल बघा. सेन्सर खरं बोलतोय की नाही हे ओळखायला सोपी खूण आहे: इंजिन बराच वेळ बंद असताना किल्ली ऑन केली तर स्कॅनरवर रेलचा दाब जवळजवळ शून्य दिसायला हवा, म्हणजे सिग्नलच्या तारेवर साधारण अर्धा व्होल्ट. तिथेच शंभर-दोनशे बार दाखवत असेल तर दोष सेन्सरकडे किंवा त्याच्या तारांकडे आहे.

प्रश्न : माझी गाडी १९९६ची, साधा पंप, ईसीएम वगैरे काही नाही. पाण्याचा काटा हलतच नाही. नवा युनिट टाकला, तरी तसाच.
– एक वाचक, महू

उत्तर : एक प्रश्न विचारतो. नवा युनिट, म्हणजे पाण्याची उष्णता मोजणारा भाग, बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती का? तुमच्या गाडीच्या युनिटला एकच तार असते, त्याचा अर्थ आट्यांतून ब्लॉकला मिळतो. टेप जाड झाली की अर्थ तुटतो. काढा, आटे साफ करा, तांब्याचा वॉशर घालून तसाच बसवा. इंजिन पूर्ण निवल्यावर, रेडिएटरची कॅप आधी उघडून.

टेप नव्हती तर युनिटवरची तार काढून किल्ली ऑन असताना क्षणभर ब्लॉकला टेकवा. काटा पूर्ण गरमकडे धावला तर मीटर आणि तार ठीक, दोष युनिटचा किंवा अर्थचा. जागेवरून हलला नाही तर युनिट निर्दोष आहे. तार, फ्यूज किंवा डॅशमधला मीटर बघा. टेकवून धरून ठेवू नका. आणि काटा सुधारेपर्यंत दर थांब्यावर गार इंजिनात पाणी तपासा. या जुन्या गाड्यांत तापलं तर इंजिनाची ताकद कमी करणारा ईसीएम नाही, थेट हेड गॅस्केट जातं.

नव्या गाडीवाल्यांसाठी इथेच सांगतो: तुमच्या पाण्याच्या सेन्सरला दोन तारा असतात. त्याचं कपलर काढलं की स्कॅनरवर बहुतेक उणे ४० अंश दिसतात, आणि हार्नेसच्या दोन पिना तारेने जोडल्या की आकडा एकदम शंभराच्या वर जातो. दोन्ही झालं तर ईसीएम आणि वायरिंग ठीक, सेन्सर बदला. गार इंजिनात हा सेन्सर दोन-अडीच हजार ओहम दाखवतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. क्रँकच्या सेन्सरच्या उलट, इथे तापल्यावर आकडा कमी व्हायला हवा.

प्रश्न : ट्रॉलीचं वेल्डिंग करून आणल्यापासून चेक लाइट लागलेला आहे. वेल्डिंगचा आणि सेन्सरचा संबंध असतो का?
– एक वाचक, देवास

उत्तर : असतो. बॉडीवाले अर्थचा चिमटा कुठेही लावतात आणि वेल्डिंगचा करंट चासीतून, अर्थच्या पट्ट्यांतून, कधी कधी ईसीएममधून वाट काढतो. आधी फ्यूज बघा. मग इंजिन ते चासी आणि बॅटरी ते चासी या दोन्ही अर्थच्या पट्ट्या सोडून, घासून, पुन्हा कसा. सेल्फ मारत असताना बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिनाचा ब्लॉक यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर पट्टी जळली आहे, ती बदला. यानंतरही लाइट राहिला तर वर ताईंना सांगितलेली ५ व्होल्टची तपासणी करा. पुढच्या वेळी वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही केबल आणि ईसीएमचं कपलर काढून घ्या, आणि चिमटा वेल्डिंगच्या जागेपासून वीतभर अंतरावर लावायला सांगा. तो लागेपर्यंत स्वतः तिथे उभे राहा.